बागेचा पाण्याचा पाईप बाहेर ठेवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं की मला पाईपचे प्रश्न यायला लागतात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून इथे एका जागी उत्तरं लिहून ठेवली आहेत. सगळं कोल्हापूरच्या ऊन-पावसाला धरून आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ताई, पाईपला स्टँड कशाला? कोपऱ्यात गुंडाळून टाकला तर काय बिघडतंय?

पाईप बिघडतो, आणि हळूहळू बिघडतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही. घराघरात असतो तो पाईप पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळतात तेव्हा ते वाकतं. उन्हानं आणि उष्णतेनं ते द्रव्य उडत जातं, पाईप ताठर होतो, आणि एके दिवशी वळणाच्या जागी बारीक चिरा दिसायला लागतात. जमिनीवर पडलेल्या पाईपला वरून ऊन, खालून तापलेली फरशी असा दोन्हीकडून मार बसतो. त्यात स्कूटरचं चाक त्यावरून जातं, कुणीतरी अडखळतं, आणि पावसाळ्यात त्या वेटोळ्यात काय येऊन बसेल ते सांगता येत नाही (प्रश्न १२).

माझ्या अनुभवात पाईपला तीन गोष्टी लागतात: सावली, पोटात पाणी नसणं, आणि मोठा वळसा. या तिन्ही ज्या सोयीतून मिळतील ती सोय चांगली, मग ती विकतची असो की घरी केलेली.

२. बाजारात बरेच प्रकार दिसतात. नेमकं काय घ्यावं?

साध्या बंगल्याला, पंधरा ते तीस मीटर पाईपला, भिंतीवरचा जाड पत्र्याचा किंवा सळईचा अर्धगोल हुक. माझी पहिली पसंती यालाच आहे. त्यात फिरणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, रबरी वॉशर नाही, म्हणजे बिघडायला काही नाही.

हँडल फिरवून गुंडाळायची रील दिसायला नेटकी असते आणि ज्यांना वाकणं जमत नाही त्यांना खरंच उपयोगी पडते. पण तिचा नळाशी जोडलेला सांधा गळतो (प्रश्न ९). मोठी कुंडी किंवा झाकणाचं लाकडी खोकं सावली उत्तम देतं, मात्र त्यात ओल आणि जनावरं हे दोन प्रश्न येतात. चाकांची ट्रॉली मोठ्या, सपाट अंगणासाठी. आपल्याकडे अंगणात फरशी, माती, पायरी असं सगळं मिसळून असतं, तिथे ट्रॉलीची छोटी चाकं रुततात.

३. भिंत कुठल्या दिशेची निवडायची?

उत्तरेची पहिली, पूर्वेची दुसरी. पश्चिमेची टाळा.

आपल्याकडे पावसाळी वारं पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतं, म्हणजे पावसाची झड याच भिंतींवर बसते. उन्हाळ्यात दुपारी दोननंतरचं सगळ्यात कडक ऊनही पश्चिमेच्या भिंतीवरच. ऊन आणि पाऊस दोघेही एकच भिंत झोडपतात, त्यामुळे निर्णय सोपा होतो. पूर्वेच्या भिंतीला सकाळचं कोवळं ऊन लागतं, तेवढं पाईप सोसतो.

उत्तरेच्या भिंतीबद्दल एक बारकावा. ती वर्षभर सावलीत असते असं आपण धरून चालतो. पण कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. जूनपासून ढग असतात म्हणून फरक पडत नाही, पण मेचे शेवटचे दोन-तीन आठवडे उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येतं. तेवढ्या दिवसांसाठी पाईपवर जुनं पोतं किंवा शेडनेटचा तुकडा टाकला की झालं.

नळ पश्चिमेलाच आहे आणि हलवता येत नाही, असं बरेच जण कळवतात. मग हुक नळापासून पाच-सहा फूट लांब, कोपरा वळून दुसऱ्या भिंतीवर लावा आणि मधल्या अंतराला पाईपचा आखूड तुकडा कायमचा जोडून ठेवा. उन्हानं खराब झाला तर तो तुकडाच बदलायचा, सगळा पाईप नाही.

४. हुक कशाचा घ्यावा? लोखंड गंजतंय, प्लास्टिक तुटतंय.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पातळ प्लास्टिकचा हुक आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळे काढतो आणि भरलेल्या पाईपच्या वजनानं मानेत तुटतो. साध्या लोखंडाला नुसता रंग मारलेला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबूस डाग येतो, कारण रंग आत शिरत नाही ती जागा तीच.

टिकाऊपणाच्या उतरत्या क्रमानं माझी यादी अशी: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड, पावडर कोटिंग केलेलं लोखंड, रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात दिलेलं लोखंड. शेवटचा प्रकारही वाईट नाही, फक्त दर दोन वर्षांनी मेमध्ये घासून रंगवायची तयारी हवी.

आपल्या गावाला एक मोठी सोय आहे ती शिवाजी उद्यमनगरची. तिथल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर आकृती काढून दिली की १० मिमी सळईचा नाहीतर ३ मिमी जाडीच्या पट्टीचा हुक तो करून देतो. विकतच्या पातळ पत्र्याच्या हुकापेक्षा हा कितीतरी वर्षं जास्त जातो. सांगताना दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, सगळ्या कडा ग्राइंडरनं गोल करून द्या, नाहीतर धारदार कडेनं पाईप कापतो. दोन, जस्ताचा थर द्यायचा असेल तर तो वेल्डिंग झाल्यानंतर. आधीच जस्त चढवलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं तर त्या जागेचं जस्त जळून जातं, गंज तिथूनच सुरू होतो, आणि त्याचा पांढरा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीला वाईट असतो.

५. माझा पाईप तीस मीटरचा आहे. हुक केवढा लागेल आणि वजन किती पेलायला हवं?

हे आधी काढलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून आकडेच देते.

वेटोळ्याचा व्यास ४५ सेंमी धरला तर एका फेऱ्याला साधारण १.४ मीटर पाईप जातो, म्हणजे ३० मीटरला एकवीस फेरे. व्यास ६० सेंमी केला तर सोळा फेऱ्यांत काम होतं. एवढे फेरे मावायला हुकाची भिंतीपासूनची खोली किमान १५ सेंमी असावी आणि टोकाला वर वळलेला ओठ हवा, नाहीतर शेवटचे फेरे घसरून पडतात. ज्यावर पाईप टेकतो ती कमान निदान २५ ते ३० सेंमी रुंद घ्या. अरुंद हुकावर पाईप एकाच जागी मोडतो आणि ती मोड मग सरळ होत नाही.

वजनात लोक नेहमी पाण्याला विसरतात. अर्ध्या इंची ३० मीटर पाईपमध्ये जवळजवळ ३.७ लिटर पाणी राहतं, पाऊण इंचीमध्ये साडेआठ लिटर, एक इंचीमध्ये पावणेपंधरा. जाळी असलेल्या पाईपचं स्वतःचं वजन जाडीप्रमाणे कमीजास्त होतं, पण अंदाजे चार, आठ आणि बारा किलो धरा. म्हणजे अर्ध्या इंचीला आठ किलो, पाऊण इंचीला सोळा-सतरा, एक इंचीला सत्तावीस. त्यात ओढताना बसणारा हिसका असतोच, म्हणून हुक आणि बोल्ट या आकड्याच्या तिप्पट वजन पेलतील असे घ्या.

उंची: हुक साधारण छातीला येईल असा लावा आणि वेटोळ्याचा खालचा भाग जमिनीपासून फूटभर वर राहू द्या. पावसाचं चिखलपाणी उडतं ते तेवढंच उडतं.

६. हुक बसवला आणि महिन्यात भिंतीतून निघून आला. काय चुकलं?

बहुधा स्क्रू फक्त गिलाव्यात होता. बाहेरचा गिलावा १५-२० मिमी जाड असतो आणि त्याला काही पेलत नाही. पक्क्या विटेच्या भिंतीत १० मिमीची प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू विटेत निदान ५० मिमी शिरेल एवढा लांब, म्हणजे एकूण ७०-७५ मिमीचा हवा. भोक विटेच्या मध्यावर घ्या, सांध्यावर नको. हुकाला चार भोकं असतील तर वरच्या दोन स्क्रूंवर खेचायचा सगळा भार येतो, म्हणून वरचे दोन सगळ्यात पक्के करा.

जांभ्याच्या चिऱ्याचं कंपाउंड असेल तर वेगळा विचार करावा लागतो. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. गिट्टी आवळली की भोक मोठं होत जातं. माझा पहिला हुक असाच आठ दिवसांत पाईपसकट खाली आला. नंतर मी १६ मिमीचं, दहा सेंमी खोल भोक घेतलं, फुंकून आतली भुकटी पूर्ण काढली, भोक ओलं केलं आणि १० मिमीचा आटे पाडलेला रॉड सिमेंटच्या घट्ट घोळात बसवला. सात दिवस पाणी मारलं आणि मगच हुक लावला. तो अजून जागचा हललेला नाही. घाई असेल तर केमिकल अँकरची नळी मिळते, ती दिवसभरात पकडते.

हलक्या, राखाडी-पांढऱ्या सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर साधी गिट्टी धरत नाही. त्या ब्लॉकसाठीची वेगळी, रुंद आट्यांची गिट्टी मागा. एक इंची पाईप असेल तर सरळ आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला पट्टी लावा.

७. गाडीची जुनी रिम भिंतीला लावून त्यावर पाईप गुंडाळला तर चालेल?

चालेल, आणि मला ही युक्ती मनापासून आवडते. भंगारात पडलेली चारचाकीची १३ किंवा १४ इंची लोखंडी रिम म्हणजे दोन्ही बाजूंना कड असलेला तयार हुकच. वळसा मोठा मिळतो आणि पाईप घसरत नाही.

बसवताना रिमची बाहेरची, शोभेची बाजू भिंतीकडे करा. नटांची भोकं त्या बाजूला असल्यामुळे बोल्ट आखूड पुरतात आणि पुढे तयार होणाऱ्या खोलगट जागेत फवारा, क्लॅम्प ठेवता येतात. व्हॉल्वचं भोक खाली येईल अशी फिरवा म्हणजे पाणी निथळतं. तरीही कुठे पाणी साचत असेल तर सगळ्यात खोल जागी ८ मिमीचं एक भोक पाडा. रंग नीट द्या, जुन्या रिमला आतून गंज असतोच. १५-२० मीटर पाईप छान बसतो, तीस मीटर असेल तर फेरे सैल ठेवावे लागतात. रिमचं स्वतःचं वजन सहा-आठ किलो असतं, ते प्रश्न ५ च्या हिशेबात मिळवा. दुचाकीची तारांची रिम मात्र नको, ती अरुंद असते.

८. आमचे मामा पाईप नळालाच अडकवतात. चालतंय काय?

नाही. मामांना प्रेमानं सांगा. नळाच्या तोटीवर रोज आठ-दहा किलोचा भार आणि हिसके बसले की भिंतीतला सांधा हळूहळू सैल होतो. बाहेरून काही दिसत नाही, आत भिंत ओल धरते आणि रंगाचे पापुद्रे सुटल्यावर कळतं. प्लास्टिकच्या लाइनीला हा धोका जास्त. खिळ्याला अडकवणंही तितकंच वाईट, कारण सगळं वजन पाईपच्या बोटभर जागेवर येतं.

९. रील घेतली, पण जोडणीतून सारखं पाणी गळतंय.

रीलच्या मधल्या फिरत्या सांध्यात एक छोटी रबरी रिंग असते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं आणि वाळूच्या कणांनी ती घासली जाते. सांधा उघडून रिंग काढा, व्हिनेगरच्या पाण्यात क्षार सोडवा, रिंग चिरली असेल तर त्याच मापाची नवी घाला आणि थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा खायचं तेल लावू नका, त्यानं बऱ्याच जातींचं रबर फुगतं.

गुंडाळण्याआधी नळ बंद करून पाईपमधलं दाबाचं पाणी सोडून द्या. पाणी भरलेला, फुगलेला पाईप रीलवर गुंडाळला तर आतले फेरे दाबले जातात आणि ड्रमच्या बाजूच्या कडा फाकतात. वापरतानाही निदान निम्म्याहून जास्त पाईप उलगडा. पाणी कमी येतं म्हणून मोटर बघायला बोलावलेल्या दोन घरी मी स्वतः पाहिलं, दोष रीलवर अडकलेल्या एका मोडीचा होता.

१०. स्प्रिंगनं आपोआप आत जाणारी पेटी कशी असते?

सोयीची आणि महाग. सावली आपोआप मिळते हा तिचा मोठा गुण. पण आतली स्प्रिंग पोलादी असते आणि आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत गंजते. घ्यायचीच तर छपराखाली लावा, स्प्रिंग सुटी मिळते का ते विकत घेण्यापूर्वी विचारा आणि पाईप सोडताना शेवटपर्यंत हातात धरून न्या. सुटला तर पितळी टोक चाबकासारखं येतं, घरात लहान मुलं असतील तर हे फार जपा.

११. कितीही नीट गुंडाळला तरी पीळ पडतो.

एकाच दिशेनं फेरे घेत गेलं की प्रत्येक फेऱ्याला पाईप स्वतःभोवती एक पीळ खातो. एकवीस फेरे म्हणजे एकवीस पीळ. उपाय सोपा आहे: एक फेरा सरळ, पुढचा मनगट आतल्या बाजूला वळवून उलटा. मंडपात साउंडची वायर गुंडाळणाऱ्या जाणत्या माणसाचे हात बघा, तो हेच करतो. दोन दिवस हात अडखळतो, मग जमतं. अवघड वाटलं तर जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घालून घ्या आणि मधून दुमडून हुकावर टाका.

नवा पाईप डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फार अरेरावी करतो. त्याला अर्धा तास कोवळ्या उन्हात सरळ पसरून ठेवा, मऊ पडला की गुंडाळा.

१२. मोठ्या कुंडीत गुंडाळून ठेवला तर? दिसायलाही चांगलं दिसतं.

दिसतं खरं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला सांगून तोंडाला ५० सेंमी रुंद मातीची कुंडी करून घेता येते. माती थंड राहते, पाईप झाकला जातो. तळाला बोटभर जाडीची दोन-तीन भोकं हवीत आणि कुंडी विटांवर उचललेली हवी. खाली ताटली ठेवू नका, डासांची सोय होते.

पण पावसाळ्यात कुंडी, खोकं किंवा जमिनीवरचं वेटोळं यात जनावरं बसतात हे गंभीरपणे घ्या. बेडूक येतो, त्याच्यामागे साप. धामण असेल तर निरुपद्रवी, पण नाग, मण्यार आणि घोणसही आपल्याच भागात आहेत. घोणस वेटोळं करून बसते, आणि संध्याकाळच्या उजेडात ते वेटोळं आणि पाईपचं वेटोळं यात फरक कळायला वेळ लागतो. जून ते ऑक्टोबर आत थेट हात घालू नका. आधी काठीनं हलवा, रात्री बॅटरी लावा. दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही न करता, माणसाला चालू न देता तडक सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. ज्यांच्या घरामागे ऊस किंवा पडीक जागा आहे त्यांनी कुंडीचा विचार सोडावा आणि भिंतीवरचा हुकच लावावा.

१३. रोज पाणी काढून ठेवायची खरंच गरज आहे का?

उन्हाळ्यात आहे. नळ आधी बंद करा, फवारा उघडा ठेवा, आणि नळाकडच्या टोकापासून पाईप खांद्यावरून पुढे सरकवत चाला. दोन मिनिटांत रिकामा होतो.

न काढल्यास तीन गोष्टी होतात. एप्रिलच्या उन्हात आतलं पाणी एवढं तापतं की हात पोळतो, आणि तेच पाणी पहिल्या झटक्यात कुंडीतल्या रोपावर गेलं तर मुळं भाजतात. टोकाचा फवारा आणि नळ दोन्ही बंद असतील तर तापलेल्या पाण्याला फुगायला जागा नसते, मग पाईप फुगा धरतो किंवा क्लॅम्पपाशी सुटतो. तिसरं, पारदर्शक हिरव्या-निळ्या पाईपमध्ये उजेड आणि पाणी दोन्ही मिळून शेवाळ धरतं आणि त्याचे तुकडे फवाऱ्यात अडकतात. नवा घेताना अपारदर्शक घ्या.

या पाईपचं पाणी पिऊ नये. साधा बागेचा पीव्हीसी पाईप पिण्याच्या पाण्यासाठी केलेला नसतो, आणि तापलेल्या पाईपमधलं साठलेलं पाणी तर मुळीच नको. मुलं खेळता खेळता तोंड लावतात, त्यांना सांगून ठेवा.

१४. उंदीर पाईप कुरतडतात. काही लावायचं का?

उंदीर कित्येकदा पाण्यासाठी कुरतडतो, म्हणून रिकामा पाईप (प्रश्न १३) हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे जमिनीपासून आणि वेलींपासून दूर टांगणं. पाईपला औषध चोळू नका, तोच पाईप आपण हातात धरतो. कुरतडलेली जागा कापून टाका आणि दोन्ही टोकं पितळी जोडणी व क्लॅम्पनं जोडा. चिकटपट्टी दाबाला टिकत नाही.

१५. भाड्याच्या घरात राहतो, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

जमिनीत रोवायचा खांब करा. जस्ताचा थर दिलेला दीड इंची लोखंडी पाईप, वर आडवा हुक, आणि ४५ सेंमी जमिनीत. काळ्या मातीत नुसता ठोकू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांब दोन ऋतूंत कलतो. खड्ड्यात खाली वीतभर खडी आणि वर काँक्रीट घाला. काँक्रीटचा माथा मातीपेक्षा थोडा वर आणि बाहेर उतरता ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. लोखंड कुजतं ते तिथेच.

जमीनच नसेल, सगळी फरशी असेल, तर खांब रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून उभा करा. घर बदलताना उचलून नेता येतो, मात्र दोन माणसं लागतात. पाऊण इंचीपेक्षा मोठा पाईप यावर नको, ओढताना कलंडतो.

१६. गच्चीवरच्या बागेचा पाईप कुठे ठेवावा?

पाण्याच्या टाकीच्या सावलीत किंवा जिन्याच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीवर. गच्चीच्या कठड्याला भोक पाडू नका, तिथूनच पाणी मुरायला सुरुवात होते. कठड्यावरून खाली अडकवायचा U आकाराचा हुक मिळतो, तो वापरा आणि खाली रबर चिकटवा.

१७. पावसाळ्यात चार महिने पाईप लागतच नाही. तसाच ठेवू?

बाहेर ठेवायची गरज नसेल तर काढून ठेवा. धुऊन, रिकामा करून, दोन्ही टोकं एकमेकांना जोडली की आत किडे घर करत नाहीत. जिन्याखाली सैल फेऱ्यांत ठेवा, वर काही रचू नका. आमच्याकडे नागपंचमीच्या आसपास उघडीप मिळते तेव्हा एकदा काढून पुन्हा गुंडाळते, म्हणजे त्याच त्या वळणाची सवय पाईपला लागत नाही. गुंडाळी करताना रीलची पेटी, रिमचा खोलगट भाग, कुंडी हेही तपासा. साचलेल्या पाण्यात डेंगीचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करावं लागतं.

१८. पाणी सोडलं की लांब होणारा पाईप आणि शेतातला सपाट पाईप, यांनाही हेच नियम?

लांब होणाऱ्या पाईपच्या आत रबराची पातळ नळी असते. ऊन तिचं सगळ्यात मोठं वैरी. तो उघड्यावर टांगूच नका, रिकामा करून पिशवीत घालून छपराखाली ठेवा. सपाट पाईप वळशात टांगायचा नसतो. पाणी पूर्ण दाबून काढून पट्ट्यासारखा गुंडाळायचा आणि आडवा ठेवायचा. घड्या घालून ठेवला तर घडीवरच फाटतो.

१९. पाच वर्षांपूर्वीचा लोखंडी हुक गंजलाय. बदलावा की वाचेल?

स्क्रू ड्रायव्हरचं टोक गंजावर जोरात घासा. खपली निघून खाली चकचकीत धातू दिसला तर वाचेल: तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइडचा एक हात, चोवीस तासांनी रंगाचे दोन हात. टोक आत रुतलं किंवा पत्रा दबला तर बदला. हुक चांगला आणि बोल्ट मात्र गंजलेले, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. तेवढे बोल्ट स्टेनलेसचे घाला.

२०. पुराच्या पाण्यात बुडालेला पाईप आणि स्टँड पुन्हा वापरता येतो का?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न नदीकडच्या वस्त्यांतून फार आला. पुराच्या पाण्यात ड्रेनेजचं पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे नुसतं वाळवून चालत नाही. हातमोजे घाला. पाईप बाहेरून साबणानं धुवा, आतून दहा मिनिटं जोरात पाणी सोडा, मग बादलीभर पाण्यात ब्लीचिंग पावडरची निवळी करून ती पाईपमध्ये भरा. अर्ध्या तासानं ओता आणि पुन्हा स्वच्छ पाणी सोडा. आत गाळ घट्ट बसला असेल, पाईप हलवल्यावर खरखर वाजत असेल, तर ठेवू नका. रीलचा सांधा उघडून गाळ काढा. भिंतीतले बोल्ट भिंत पूर्ण वाळल्यावर पुन्हा आवळा, जांभ्याला त्यासाठी कितीतरी आठवडे लागतात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्या गल्लीत पाणी येतं हे माहीत असेल तर ३९ ला पाईप काढून माडीवर न्या. त्यासाठी हुक असा बसवा की पाईप एका उचलीत निघेल. पुराच्या रात्री स्क्रू सोडवत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि रिकामा अर्ध्या इंची पाईप चार किलोचाच असतो, तो घरातलं शाळेत जाणारं पोरही वर नेऊ शकतं.